चित्र न कापण्याची प्रतिज्ञा

गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस, एका रविवारी सकाळी, आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, डाव्या हाताच्या घरात, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरण्यापूर्वी, मी माझे स्वतःचे तैलचित्र एका दिव्याच्या डोक्यावर बसलेले पाहिले.

हे विधान वाचकांनी सावकाश वाचावे. चित्राशेजारी दिवा होता असे मी म्हणत नाही. चित्रावर उजेड सोडला होता असेही नाही. चित्र गोल वळवून, त्याला वर आणि खाली पितळी कडी बसवून, त्याच्या पोटात दिवा पेटवलेला होता. या वस्तूला लोक लॅम्पशेड म्हणतात. मी अद्याप म्हणत नाही.

घर दंतवैद्यांचे. दंतवैद्य निवृत्तीच्या वयाला आले आहेत. पण निवृत्त होण्याऐवजी त्यांनी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना आणला आणि उरलेल्या वेळात, दात कोरण्याच्या हत्यारांनी, लोकांच्या टाकाऊ वस्तूंना टिकाऊ करण्याचा उद्योग आरंभला. अख्ख्या इमारतीला त्यांच्यासमोर तोंड उघडून बसण्याची जुनी सवय असल्यामुळे त्या सकाळीही सर्वांनी तोंडे विनासायास उघडली होती. आमच्या समोरच्या घरातल्या काकू दिव्याभोवती प्रदक्षिणा घालत होत्या. इमारतीचे चिटणीस बटण दाबून दिवा घालवत होते आणि पुन्हा लावत होते. आणि माझी पत्नी, जिने माझ्या चित्रांविषयी आजवर "केवढी जागा खातं हे" यापलीकडे मत दिलेले नाही, ती हनुवटीखाली हात घेऊन म्हणाली, "बघत राहावंसं वाटतं, नाही?"

मी चहा खाली ठेवला.

"हे चित्र माझं आहे," मी म्हणालो.

"तुमचंच," दंतवैद्य प्रसन्नपणे म्हणाले. "सांगणारच होतो. म्हटलं, आधी चहा होऊ दे."

"संपूर्ण चित्र?"

"छे, एवढाच तुकडा. खाली उजव्या कोपऱ्यात पाणी होतं ना, तेवढं घेतलं."

"आणि बाकीचं?"

दंतवैद्यांनी माझ्या पत्नीकडे पाहिले. पत्नीने बशीकडे पाहिले.

"गाडीतून तेल गळतं हो," ते म्हणाले. "तिथं अंथरलंय. कापड फार उत्तम आहे तुमचं. थेंब खाली जात नाही."

त्या चित्राचे नाव 'नदीकाठची संध्याकाळ' असे होते. त्यात एक पूल होता. पुलाखाली होडी होती, होडीत नावाडी होता, नावाड्याच्या टोपीवर पक्षी होता, आणि पक्ष्याच्या चोचीत काडी होती. ती काडी रंगवण्यासाठी मी एका केसाचा कुंचला वापरला होता. पाण्याचा तो उजवा कोपरा मात्र मी शेवटी घाईने उरकला होता, कारण नारिंगी रंगाची नळी संपत आली होती आणि दुकान बंद होते. आता दंतवैद्यांच्या दिवाणखान्यात नेमका त्याच विरळ रंगातून उजेड झिरपत होता, आणि काडी मोटारीखाली होती.

घरी आल्यावर मी पत्नीला जाब विचारला. शांतपणे विचारला, वजनमापे खात्यात निरीक्षक असल्यामुळे आवाज न चढवता माणसाला घाम कसा फोडावा हे मी जाणतो. पत्नी मात्र दुकानदार नाही.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "माळ्यावरचं एक चित्र काढून टाकू का म्हणून. तुम्ही 'हूं' म्हणालात."

"मी वर्तमानपत्र वाचत होतो. वाचणाऱ्या माणसाचं 'हूं' हे संमतिदर्शक नसतं."

"मग कशाचं असतं ते एकदा दारावर लिहून लावा. मला भाजीचंही विचारायचं असतं."

येथे आमच्या इमारतीचा एक रिवाज सांगणे भाग आहे. ज्याला जी वस्तू नको झाली असेल ती त्याने जिन्याखालच्या कोपऱ्यात ठेवावी, ज्याला ती हवी असेल त्याने न विचारता न्यावी, आणि नंतर मूळ मालकाने हूं की चूं करू नये. या कोपऱ्यामुळे आमच्या इमारतीत एकच पाळणा चार घरांतून फिरला आहे. पत्नीने 'नदीकाठची संध्याकाळ' त्या कोपऱ्यात उभी केली होती. मी चिटणीसांकडे गेलो आणि असा मुद्दा मांडला की कलाकृती ही वस्तू या संज्ञेत मोडत नाही. चिटणीसांनी चष्मा लावून नियमावली काढली.

"वस्तू म्हणजे," त्यांनी वाचले, "जिला लांबी, रुंदी वा वजन आहे असे काहीही, मग तिचे भावनिक मूल्य कितीही असो." मग त्यांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिले. "हे कलम तुम्हीच घातलंत. मी म्हटलं होतं, 'वस्तू' एवढं पुरे. तुम्ही दोन बैठका भांडलात."

मी भांडलो होतो हे खरे. व्याख्येवाचून नियम म्हणजे दट्ट्यावाचून पिचकारी, असे माझे मत आहे आणि मी ते बदललेले नाही.

आता माझ्या मनःस्थितीविषयी. लोक हिला हेवा म्हणतील. माझा आक्षेप आहे. हेवा दुसऱ्याजवळच्या वस्तूचा वाटतो. येथे वस्तू माझी होती, रंग माझा होता, पाणी माझे होते. दुसऱ्याची होती ती फक्त कात्री. मनुष्याला कात्रीचा हेवा वाटू शकतो की नाही यावर मी पुष्कळ विचार केला. वाटू शकतो. त्या आठवड्यात मी घरातून निघताना आणि परतताना दंतवैद्यांच्या खिडकीकडे न पाहण्याचा जो प्रयत्न केला, त्यात माझी मान अवघडली. संध्याकाळी त्या खिडकीत माझे पाणी उजळे आणि रस्त्यावरून जाणारी माणसे पावले मंद करत. मी चित्र काढत होतो तेव्हा एकाही माणसाने पाऊल मंद केले नव्हते. पत्नीने तर भाजीची पिशवी खाली ठेवून तिथे उभे राहण्याचा परिपाठच पाडला.

"दमले म्हणून थांबले," ती म्हणे.

पूर्वी ती जिन्यात दमत असे.

म्हणून मी ठरवले. माळ्यावर माझी आणखी तीन चित्रे होती. त्यांतून मी अशी काही उपयुक्त, भव्य आणि निर्दोष वस्तू निर्माण करीन की पत्नी भाजीची पिशवी आमच्याच घरात खाली ठेवून तिच्याकडे बघत राहील. एवढेच मला हवे होते. जगाची वाहवा मी मागितली नव्हती, आणि ती मिळाली असती तर नाकारलीही नसती.

चित्रे पुढीलप्रमाणे होती. पहिले, 'वादळापूर्वीचे माळरान'. दुसरे, 'घोड्यांचा कळप'. याविषयी एक खुलासा असा की कळपातील एकाही घोड्याला खूर दिसत नाहीत, कारण गवत उंच आहे. गवत उंच का आहे हा प्रश्न फक्त माझ्या मेहुण्याने विचारला, आणि तेव्हापासून आमचे संबंध औपचारिक आहेत. तिसरे, पत्नीचे व्यक्तिचित्र, मटार सोलताना, हसतमुख. हे करायला मला दोन हिवाळे लागले. ते पूर्ण झाल्यावर पत्नीने दाराच्या चौकटीतून पाहिले, "ही मी नाही" एवढेच म्हटले, आणि मटार उकळायला टाकले.

शेजाऱ्यांना बातमी लागली. काकू दुसऱ्याच दिवशी वाटी परत करायला आल्या आणि तासभर बसल्या.

"मी सांगू का," त्या म्हणाल्या. "पिशव्या शिवा. इतकं जाड कापड आहे, दहा किलो कांदे आरामात राहतील. एका पिशवीवर घोड्याचं तोंड, दुसरीवर शेपटी. चोरीला गेली तर ओळखू येईल."

चिटणीसांनी सुचवले की पाण्याच्या पंपावर छप्पर नाही, आणि वादळाचे चित्र तिथे "विषयाला धरून" होईल. दंतवैद्य तर स्वतः वर आले. दारात उभे राहून नम्रपणे म्हणाले, "कापायला मदत लागली तर बोलवा. माझ्याकडे बारीक पाती आहेत."

"मी कापणार नाही," मी म्हणालो.

"थोडंही नाही?"

"डॉक्टर, कापून कोणीही काहीही करील. कसोटी न कापण्यात आहे."

हे वाक्य मला इतके आवडले की ते गेल्यावर मी ते पत्नीला पुन्हा ऐकवले. ती म्हणाली, "माळा रिकामा होणार ना, मग काही का करेना."

अशा रीतीने ती प्रतिज्ञा झाली, आणि प्रतिज्ञेच्या पाठोपाठ सुतार आला. माझी योजना घडीच्या आडोशाची होती. तीन चित्रे, तीन पाने, मधे बिजागऱ्या. दिवाणखान्यात उभा केला की एका खोलीच्या दोन खोल्या. सुताराने चित्रे भिंतीला लावून ठेवली आणि दूर जाऊन डोके खाजवले.

"साहेब, ही तिन्ही वेगवेगळ्या मापाची आहेत."

"आहेत."

"घोडे आडवे आहेत. बाई उभ्या आहेत."

"त्या माझ्या पत्नी आहेत."

सुताराने चित्राकडे पाहिले, मग स्वयंपाकघरातून डोकावणाऱ्या पत्नीकडे, आणि विषय बदलला. "पार्टिशनची पानं एकसारखी लागतात. घोड्यांचं थोडं गवत इकडून काढू, थोडं तिकडून..."

"गवत निघणार नाही."

"मग साहेब, पानाची रुंदी दाराएवढी होईल."

"होऊ द्या. चित्र फर्निचरसाठी नसतं. फर्निचर चित्रासाठी असतं."

"मी इतकी वर्षं उलटंच करत आलो," असे म्हणून तो लाकूड आणायला गेला.

खात्याने प्रमाणित केलेली पोलादी पट्टी घेऊन मी दिवाणखाना इंच न् इंच मोजला होता. लाकूड तासताना मी सुताराच्या खांद्यावर उभा होतो. खांद्यावर म्हणजे मागे, तो मात्र हे शब्दशः घेतल्यासारखा वाकून काम करी. माझ्या मोजमापात चूक नव्हती हे मी आजही कोणासमोरही सिद्ध करून देईन. आडोसा खोलीत बसला. अगदी नेमका बसला. फक्त तो बसल्यानंतर खोलीत माणसाने कुठे बसावे, हा प्रश्न मोजमापाच्या कक्षेत येत नव्हता. मधे माळरान, डावीकडे घोडे, उजवीकडे हसतमुख पत्नी, आणि या भव्य त्रयीच्या पलीकडे आमचा सोफा, जिथे पोचण्यासाठी अंग चोरून, पोट आत घेऊन, घोड्यांच्या बाजूने जावे लागे.

"कसा आहे?" मी पत्नीला विचारले.

"मोठा आहे," ती म्हणाली.

मला पुढच्या शब्दाची अपेक्षा होती. तो आला नाही. तिने भाजीची पिशवी खाली ठेवली नाही, कारण ठेवायला जागा नव्हती.

त्यानंतर जे घडले ते मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, कारण मी न्हाणीघरात होतो आणि माझ्या डोळ्यांत साबण होता. साक्षीदारांच्या जबान्यांवरून असे दिसते की पत्नी धुतलेले कपडे घेऊन बाल्कनीत गेली. वाऱ्याने दार आपटले. त्या धक्क्याने आडोसा सरकला, उघडला, आणि घोड्यांचे पान दाराला आडवे घट्ट रुतून बसले. पत्नीने दार ढकलले. घोडे हलले नाहीत. तिने मला हाका मारल्या. मी पाण्याच्या आवाजात एक जुने पद गुणगुणत होतो. शेवटी तिने कठड्यावरून खाली वाकून पाहिले, तर दंतवैद्य कुंड्यांना पाणी घालत होते.

न्हाणीघरातून मी बाहेर आलो तेव्हा माझ्या दिवाणखान्यात, माझ्या घोड्यांपुढे, दंतवैद्य एक गुडघा टेकून बसले होते. काकूंनी त्यांच्याकडे ठेवलेल्या आमच्या किल्लीने दार उघडून दिले होते. दंतवैद्यांनी एका बारीक हत्याराने बिजागरीचा खिळा अलगद वर उचलला, पान बाजूला झाले, आणि पत्नी ओले कपडे हातात घेऊन आत आली.

"थँक्यू हो डॉक्टर," ती म्हणाली. "किती हलक्या हातानं काढलंत."

"दाढेपेक्षा सोपं होतं, वहिनी."

सर्वजण हसले. मी टॉवेलवर होतो. टॉवेलवर असलेल्या माणसाला कोणत्याही सभेत बाजू मांडता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

दंतवैद्य गेल्यावर पत्नीने एकच वाक्य उच्चारले. "हे आज इथून गेलं पाहिजे." आमच्या संसारात तिने 'आज' हा शब्द असा दोनदाच वापरला आहे, पहिल्यांदा तिला माहेराहून आणायचे होते.

आडोसा माळ्यावर चढेना, कारण आता त्याला सुताराची चौकट होती. जिन्याखालच्या कोपऱ्यात मावेना. म्हणून मी आणि सुताराने तो आमच्याच मजल्यावर, जिन्याच्या वळणावर, घडी करून भिंतीला टेकवला. घडी अशी पडली की पत्नीचे चित्र बाहेरच्या बाजूला आले. संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत ती हसून करत होती. वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी तिला नमस्कार केला असे कळते.

रात्रीच्या जेवणाआधी चिटणीस नोटीस घेऊन आले. जिना व त्याची वळणे ही सामायिक जागा असून तेथे 'लांबी, रुंदी वा वजन' असलेले काहीही ठेवता येणार नाही.

"पुन्हा तुमचंच कलम," ते काहीशा दुःखाने म्हणाले. "हिंदी-मराठी-इंग्रजी, कुठल्या भाषेतून पळवाट काढावी तर तुम्ही एकही ठेवली नाहीत."

"मी दाद मागेन."

"मागा. तक्रार-समितीचे अध्यक्ष तुम्हीच आहात."

दुसऱ्या दिवशी दंतवैद्यांनी जिन्यात मला गाठले. दवाखान्यात बाकावर बसलेल्या रुग्णांना आतला रुग्ण दिसतो आणि ते घाबरतात, तेव्हा दंतवैद्यांना तेथे एक आडोसा हवाच होता; मी दिला तर त्यांचे काम होईल, माझा जिना मोकळा होईल. त्यांचा प्रस्ताव इतका वाजवी होता की तो नाकारण्यासाठी मला जागच्या जागी तत्त्व शोधावे लागले.

"तुम्ही त्याला कात्री लावाल," मी म्हणालो.

"न विचारता नाही लावणार."

"म्हणजे विचारणार."

"थोडंसं विचारीन," त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले.

मी नकार दिला. खरे सांगायचे तर कात्रीपेक्षा मला दुसरेच भय होते. त्यांच्या दवाखान्यात माझा आडोसा उभा राहील, पत्नी दात दाखवायला जाईल, आणि तिथे, त्यांच्या जागेत, त्यांच्या उजेडात, तिला तो आवडेल. हे मला सोसले नसते. त्यापेक्षा तो कोणालाच न आवडलेला बरा. मत्सराला लोक आंधळा म्हणतात. माझ्या अनुभवात तो फार बारकाईने पुढचे पाहतो.

म्हणून मी आडोसा स्वतः सुटा करायचे ठरवले. चौकट वेगळी, चित्रे वेगळी, आणि सर्व पूर्ववत माळ्यावर. सुताराला बोलावणे मानहानीचे वाटले. सुतार काम करताना बारीक खिळे ओठांत धरतो हे मी पाहिले होते आणि त्यात मला एक प्रकारचा डौल दिसला होता. मी जिन्याच्या वळणावर बैठक मारली, एकेक खिळा उपटला आणि ओठांत धरत गेलो. काम उत्तम चालले होते. इतक्यात मागून काकूंचा आवाज आला.

"अहो, मग त्या पिशव्यांचं काय ठरलं?"

मी उत्तर देण्यासाठी तोंड बंद केले. उघडायला हवे होते हे मान्य. खिळा दाढेखाली आला आणि डाव्या बाजूच्या दाढेत भरलेले सिमेंट कडकन निघाले. ते सिमेंट दंतवैद्यांनीच भरले होते.

दिवसभर मी दुखणे नाकारले. ऑफिसात एका दुकानदाराने वजने तपासणीला आणली होती. मी ती गालाला लावून बसलो, कारण लोखंड थंड असते. त्याने ते पाहिले आणि हल्ली वजने कोणत्या पद्धतीने तपासली जातात याविषयी इतरांना सांगितले. संध्याकाळी पत्नीने माझ्या सुजलेल्या गालाकडे पाहिले.

"खाली जा," ती म्हणाली.

"दुसरे दंतवैद्य आहेत शहरात."

"आहेत. पण तुमची दाढ यांना ओळखते."

मी गेलो. दिवाणखान्यात दिवा लागला होता. त्याच्याकडे न पाहता मी दवाखान्यात शिरलो आणि खुर्चीत आडवा झालो. दंतवैद्यांनी माझ्या तोंडात कापूस भरला, एक नळी अडकवली, आरसा आत घातला, आणि मग, वादपटू म्हणून ज्याची थोडीफार ख्याती आहे असा मनुष्य संपूर्ण निःशस्त्र झाल्याची खात्री पटल्यावर, ते बोलू लागले.

"एक विचारू का? रागावू नका. जिन्यातलं वहिनींचं चित्र मी रोज बघतो. वरचे पुढचे दात माणसाला सहा असतात. तुम्ही नऊ काढलेत."

"अं," मी म्हणालो.

"मोजले मी. सवय आहे, काय करणार. एकेक दात फार सुंदर काढलाय, प्रत्येकाला चमक दिलीत. पण नऊ झाले, म्हणून त्या हसतायत असं वाटत नाही. चावतील असं वाटतं."

"अं अं," मी म्हणालो. या उद्गारात माझा संपूर्ण प्रतिवाद होता. मी जन्मभर दुसऱ्यांची मापे काढली. दोन हिवाळे मी पत्नीच्या समोर बसलो. तिचे दात मोजले नाहीत.

"आता हात बघा," दंतवैद्य दाढ कोरत म्हणाले. "मटार सोलणारे. ते हात मी कुठेही ओळखीन. चहाचा कप देतात ते हात. काय काढलेत हो. कसे जमले?"

मला उत्तर देता येत नव्हते, म्हणून मी आठवले. चेहरा काढताना मी तिला "हलू नकोस" असे बजावत असे आणि तिचा चेहरा दगड होई. मग त्या दगडावर मी हसू चढवत असे, एकावर एक. हातांना मात्र मी काही सांगितले नव्हते. मटार संपवायचे होते. हात हलत राहिले, आणि ते हलत होते म्हणून मला ते पटकन पकडावे लागले. सुधारायला वेळच मिळाला नाही.

"मला रेघ सरळ मारता येत नाही," दंतवैद्य म्हणाले. "लहानपणापासून. तुमच्यासारखं पाणी, तुमच्यासारखे हात मला सात जन्मांत यायचे नाहीत. काढता येत नाही, म्हणून कापतो. थुंका."

मी थुंकलो. दंतवैद्यांना माझा हेवा वाटत होता, ही गोष्ट ऐकून मनुष्याने सुखावे. मी सुखावलोही, जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत. तिथे भिंतीला टेकून पत्नी नऊ दातांनी हसत होती.

मी घरातून शिवणकामाची कात्री आणली. कापड जाड होते. पहिला छेद मी वरून दिला. कपाळ गेले, हसू गेले, मागचा पडदा गेला, ज्याच्या प्रत्येक चुणीवर मी एक रविवार घालवला होता. उरले वीतभर कापड: दोन हात, एक फुटलेली शेंग, आणि निसटलेला एक दाणा.

उरलेल्या लाकडाचा मी एक ट्रे केला. सुताराला बोलावले नाही, दंतवैद्यांना विचारले नाही. तुकडा तळाशी चिकटवला, वर काच बसवली. घोडे आणि माळरान मी दवाखान्यात आडोसा म्हणून पाठवून दिले आणि सोबत निरोप दिला की गवत कापायचे असल्यास माझी हरकत नाही, मात्र खूर शोधू नयेत.

मग एका संध्याकाळी मी स्वतः चहा केला, दोन कप त्या ट्रेवर ठेवले आणि पत्नीसमोर नेले. ती कामावरून येऊन सोफ्यावर टेकली होती. तिने एक कप उचलला. मग दुसरा उचलला आणि बाजूला तिपाईवर ठेवला, कारण त्याच्याखाली डावा अंगठा झाकला होता. तिने काचेवरचा चहाचा ओघळ पदराने पुसला. मी उभाच राहिलो. मी खात्यातर्फे अनेक निकाल ऐकले आहेत, काही माझ्याविरुद्धही, पण इतका वेळ कोणत्याही अधिकाऱ्याने घेतलेला नाही.

तिचा चहा निवत चालला होता. तिने आपला हात त्या हातांशेजारी धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"ही मी आहे," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून बसलो. एवढ्यावर थांबावे हे एव्हाना मला कळायला हवे होते. "आणि ट्रे?" मी विचारले.

तिने ट्रे तिपाईवर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवले. दुसरा कोपरा वर आला.

"ट्रे डगमगतो," ती म्हणाली. "खाली जाऊन डॉक्टरांकडून सरळ करून आणा."